बुधगावच्या वाटेवरचा गोठा

“अगं, रविवारी सकाळी सकाळी तू जातेस तरी कुठं?” भिशीला जमलेल्या मैत्रिणींनी मागच्या महिन्यात मला अगदी कोंडीत पकडलं. त्यांतल्या एकीनं मला जुनापाना सलवार-कमीज, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि पायांत गुडघ्यापर्यंत काळे गमबूट अशा अवतारात स्कूटरवरून जाताना पाहिलं होतं. “मला वाटलं, हिनं कुठं उसाची शेती घेतली की काय!” ती म्हणाली. मी म्हटलं, “शेती कुठली, शेण काढायला जाते.” सगळ्या पोट धरून हसल्या. मी विनोद केला नव्हता, हे त्यांना पटवून देईपर्यंत चहा गार झाला आणि साबुदाणावड्यांचं ताट रिकामं झालं. त्या दिवशी जे सांगायचं राहून गेलं, ते आज तुम्हांला सांगते.

चला तर माझ्याबरोबर. सांगलीच्या गावभागातून निघायचं आणि तासगावकडे जाणारा रस्ता धरायचा. आधी माधवनगर लागतं, मग बुधगाव. सकाळी सहाला हा रस्ता मोठा छान असतो. थंडीत उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघालेल्या असतात. पुढं फेब्रुवारी-मार्चात हळद काढली की शेतात ती शिजवतात, त्याचा ओलसर, मातकट वास वाऱ्यावर येतो. माझ्यासारख्या मुंबईत वाढलेल्या बाईला या वासाची सवय व्हायला दोन वर्षं लागली. आता तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं. बुधगावच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून एक कच्ची वाट आत जाते. तिथं कडुनिंबाची तीन झाडं आहेत, त्यांच्यामागं पत्र्याच्या लांबलचक शेड. आपण येण्याआधीच कुत्र्यांना आपली चाहूल लागते आणि त्यांचा जो काही स्वागतसमारंभ सुरू होतो, तो फाटक उघडेपर्यंत थांबत नाही.

या जागेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते लोकांना आवडणार नाही म्हणून नव्हे. तिथल्या मंडळींनीच मला तशी विनंती केली आहे. एकदा कुठंसं नाव-पत्ता छापून आला, तर पुढचे दोन महिने रोज सकाळी फाटकाशी पोत्यात बांधलेली कुत्र्याची पिल्लं सापडत होती. “प्रसिद्धी म्हणजे आमच्याकडं पिल्लांची पोती,” असं तिथले मामा म्हणतात. मामा म्हणजे तिथले सर्वेसर्वा. पगारी माणसं तीनच. बाकी गावातले दोन-चार व्यापारी, काही कॉलेजातली मुलं, आठवड्यातून दोनदा येणारे जनावरांचे डॉक्टर, आणि माझ्यासारख्या रविवारच्या बाया. जनावरं मात्र शंभराच्या आसपास. साठेक गाई-म्हशी, त्यांत भाकड झाल्या म्हणून सोडून दिलेल्या, गाडीनं धडक दिलेल्या, मालकाला वैरण परवडेना म्हणून आणून बांधलेल्या. तीस-चाळीस कुत्री. आणि एक गाढव. वीटभट्टीवर पाय मोडला, तेव्हा मालकानं त्याला रस्त्याच्या कडेला सोडून दिलं होतं. आता ते तीन पायांवर उड्या मारत सगळ्या गोठ्याची तपासणी करत फिरतं, जसं काही यानंच ही संस्था काढली आहे!

अशी जागा मी लहानपणीच पाहिली होती. माझं माहेर गिरगावातलं. एकादशीला आजी मला हाताला धरून सी. पी. टँकवरून भुलेश्वरला न्यायची. तिथं पांजरपोळ आहे. मुंबईच्या त्या प्रचंड गर्दीत, दुकानांच्या आणि देवळांच्या मधोमध, शेकडो गाई. आजी पैसे देऊन चाऱ्याची पेंडी घ्यायची, मी ती गाईपुढे धरायची, गाईची खरखरीत जीभ हाताला लागली की किंचाळायची. मग आजी गाईच्या पाठीवरून हात फिरवून तो माझ्या डोक्यावरून फिरवायची. झालं पुण्य. येताना गरम जिलबी.

त्या पांजरपोळाचा इतिहास मला कितीतरी उशिरा कळला. त्याची सुरुवात गाईंपासून नव्हे, कुत्र्यांपासून झाली. इंग्रज सरकारनं मुंबईतली मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता. १८३२ साली कुत्री मारणारे घरांच्या दारापर्यंत येऊन पोचले, तेव्हा पारशी मंडळी खवळून उठली. कुत्रा हा त्यांच्या धर्मात मोठ्या मानाचा प्राणी. दुकानं बंद झाली, दंगा झाला, लष्कर बोलवावं लागलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शहरातले हिंदू-जैन व्यापारी यांनी मिळून हे पांजरपोळ उभं केलं. मारू नका, आम्ही सांभाळतो, असं त्यांनी सरकारला नुसतं तोंडानं सांगितलं नाही. जागा दिली, पैसा दिला, माणसं नेमली. आज जवळजवळ दोनशे वर्षं होत आली, तिथं अजून सकाळी शेण काढलं जातं. पेंडी खाऊ घालणाऱ्या आजीला आणि मला शेण काढणारी माणसं कधी दिसलीच नव्हती. आम्ही यायच्या आधीच त्यांचं काम आटोपलेलं असायचं.

ती माणसं मला दिसली २०१९ च्या ऑगस्टमध्ये. त्या वर्षीचा महापूर सांगलीकर विसरणं शक्य नाही. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका समजतात. त्या वर्षी ते ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही आठवडाभर विश्रामबागेत नातेवाइकांकडे राहिलो. पाणी ओसरल्यावर घरी आलो तर घरात घोटाभर गाळ, आणि गल्लीच्या तोंडाशी एक म्हैस मरून पडलेली. गळ्यात दावं तसंच. ज्यांनी निघताना दावी सोडली, त्यांची जनावरं पोहत कुठंतरी उंचावर पोचली. ज्यांना घाईत जमलं नाही, त्यांची खुंट्यालाच बुडाली. ते दावं माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

तेव्हा गावात मदतीचा नुसता पूर आला होता. आमच्या घरी चपात्यांचे ढीग जमले. मैत्रिणीकडून कळलं, बुधगावकडे पुरातली जनावरं ठेवली आहेत. म्हटलं, चला, चपात्या तिकडे नेऊ. मोठ्या दोन पिशव्या भरून गेले. मामांनी पिशव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “चपात्या र्‍हाऊ द्या ताई. हात मोकळं हाईत का?”

खरं सांगते, मला राग आला. एवढ्या उन्हातून मी आले आणि हा माणूस चपात्या घेत नाही! पण हातात खराटा आला होता. दोन तासांनी मी घरी निघाले तेव्हा पाठीचा काटा ढिला झाला होता, दोन नखं तुटली होती, आणि कितीतरी दिवसांनी मन शांत झालं होतं. मामा म्हणाले, “येत्या रईवारी याल?” मी म्हटलं, येईन. तेव्हापासून जाते.

काम काय असतं, तेही सांगते. नाहीतर तुम्हांला वाटेल, मी गाईच्या गळ्यात हात टाकून बसत असेन. पहिलं काम शेण. एक मोठी गाय दिवसाला दहा-पंधरा किलो शेण सहज टाकते. साठ जनावरांचं गणित तुम्हीच करा. ते घमेल्यानं उचलून खड्ड्यात नेऊन टाकायचं. मग जमीन धुवायची, कारण ओल्या जमिनीवर उभं राहून खूर सडतात. मग पाणी. एक गाय दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हौद नुसता भरून चालत नाही, आतलं शेवाळ घासावं लागतं. मग वैरण. कडब्याची कुट्टी, उसाच्या हंगामात वाडं, मिळाला तर हिरवा मका. त्यानंतर आजारी जनावरांच्या अंगावरचे गोचीड पाहणं, जखमा धुणं. मग कुत्र्यांची पिंजऱ्यांतली पोती बदलणं. यांतलं एकही काम असं नाही की जे आपण बायका घरी निराळ्या रूपात करत नाही. झाडणं, धुणं, पाणी भरणं, वेळेवर खायला घालणं, आणि कुणी न बोलताच कुणाचं काय दुखतं आहे ते ओळखणं. मामा एकदा म्हणाले होते, “बायकांना शिकवाय लागत न्हाई.” तेवढ्या शाबासकीवर मी महिनाभर चालले.

आता त्या चपात्यांचं. मामांनी त्या का घेतल्या नाहीत, ते मला डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला कप्पा म्हणजे एक मोठं पिंपच. त्यात गवत-कडबा मुरतो, तिथले सूक्ष्मजंतू तो फोडतात, आणि गाय निवांत बसून तो पुन्हा तोंडात आणून चावते, तोच रवंथ. या पिंपाची सगळी घडण चाऱ्यासाठी आहे. त्यात एकदम भरपूर चपात्या, भात, मळलेली कणीक, गोडधोड गेलं की ते भराभर आंबतं, पोटात आम्ल वाढतं, गाय खाणं सोडते, कधी कधी आडवी होते आणि उठतच नाही. लग्नातलं उरलेलं अन्न, अमावास्येचा भात, बेंदराला बैलाच्या तोंडात कोंबलेल्या पुरणपोळ्या, सगळ्याची हीच कथा. आमच्याकडे पोळ्याऐवजी बेंदूर करतात, आणि बेंदराच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जेवायला सवड नसते. आपण लाडानं देतो आणि ते सोसतं बिचारं जनावर.

हे सगळं मला समजलं, पण घरी ते बोलायची सोय नव्हती. कारण आमच्या घरी सासूबाईंचा नेम. तव्यावरची पहिली पोळी गाईची. या घरात लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांनी हा नेम चुकवलेला नाही. आमच्या गल्लीत एक तांबडी गाय यायची. कुणाची होती देव जाणे. दूध आटल्यावर मालकानं सोडलेली असावी. सासूबाई तिला तांबू म्हणायच्या. बरोबर साडेनऊला ती फाटकाशी येऊन उभी राहायची, पोळी खायची, कपाळ पुढं करायची, आणि सासूबाई तिथं हात लावून तो आपल्या डोळ्यांना लावायच्या. त्या दोघींच्या भेटीत मी काय बोलणार? शिवाय डॉक्टरही म्हणाले होते की एका पोळीनं काही होत नाही. पण गल्लीत घरं चाळीस, आणि नेम पाळणाऱ्या सासवाही काही कमी नाहीत!

पोळीचं जाऊ द्या. मी स्वतः काय करत होते ते ऐका. रात्री ओटा आवरताना भाज्यांची देठं, साली, उरलेली आमटी-भात, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचं, वास येऊ नये म्हणून दुहेरी गाठ मारायची, आणि सकाळी घंटागाडीसाठी फाटकाबाहेर ठेवायची. स्वच्छ, नीटनेटकं. आपण सगळ्याच हे करतो. २०१८ साली महाराष्ट्रात पिशव्यांवर बंदी आली, पण खरं सांगा, तुमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं पिशव्यांनी भरलेली ती एक पिशवी अजून लटकते आहे की नाही? घंटागाडी येण्याआधी तांबू येऊन जायची, एवढंच मी कधी लक्षात घेतलं नव्हतं. गाईला गाठ सोडता येत नाही. वास आतल्या सालींचा येतो, म्हणून ती पिशवीसकट गिळते. दाढेखाली चावून बघण्याची तिची पद्धतच नाही. जिभेनं ओढायचं, गिळायचं, चावणं नंतर. साली पचतात. पिशवी त्या पहिल्या कप्प्यातच राहते, पुढं सरकत नाही. मग दुसरी येते, तिसरी येते.

२०२१ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल, एका रविवारी मी गोठ्यावर गेले तर डाव्या कडेच्या शेडमध्ये तांबू उभी. नगरपालिकेच्या रस्त्यावर बसून राहिली होती, मुलांनी टेंपोत घालून आणली. डावी कूस ढोलासारखी फुगलेली, मान खाली, रवंथ बंद. मला तिनं ओळखलं असं मी म्हणणार नाही. पण मी जवळ गेल्यावर तिनं कपाळ पुढं केलं. ते सवयीनं केलं असेल. मला मात्र तिथं उभं राहवेना.

डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. गाईला आडवं करत नाहीत. उभ्याउभ्याच डाव्या कुशीत भूल देऊन पोट उघडतात. मला डोकं धरायला सांगितलं होतं. मी तिच्या कानामागं खाजवत, तिच्या डोळ्यांकडे पाहत उभी होते, म्हणून सुरुवातीला मागचं काही पाहिलं नाही. मग घमेली भरायला लागली. एकमेकांत पिळवटून दोरखंडासारख्या झालेल्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या, साडीच्या दुकानाची पिशवी, हाराचा दोरा, चिवड्याची पाकिटं, मुलांच्या चड्डीतलं इलॅस्टिक. दोन खिळे आणि केसांची पिनसुद्धा. खिळे-तारा पुढच्या जाळीदार कप्प्यात अडकतात, आणि तो कप्पा अगदी काळजाला लागून असतो, असं डॉक्टर म्हणाले. कॉलेजातल्या मुलांनी काट्यावर वजन केलं. एकतीस किलो. पाहता पाहता माझं लक्ष एका पिशवीकडे गेलं. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची, पांढरी, हिरव्या अक्षरांची. तोंडाशी दुहेरी गाठ. ती माझीच, असं कोण सांगणार? पण माझी नाहीच, असं तरी मी कोणत्या तोंडानं सांगू?

पाचव्या दिवशी तांबू गेली. शरीरात त्राणच उरलं नव्हतं. मला फोन आला तेव्हा मी शाळेत होते. नववीच्या वर्गावर नागरिकशास्त्राचा तास होता आणि योगायोग असा की मूलभूत कर्तव्यं शिकवायची होती. १९७६ साली घटनेत ही कर्तव्यं घातली गेली. त्यांत सजीवांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हेही एक आहे. मुलं ते वाक्य घडाघडा पाठ म्हणतात. मीही इतकी वर्षं घडाघडा शिकवत आले. त्या दिवशी मात्र फळ्यावर ‘दयाबुद्धी’ हा शब्द लिहिला आणि मला पुढं बोलवेना. मुलांना वाटलं, बाईंना बरं नाही.

रविवारी गेले ती रडवेली होऊनच. तिची जागा रिकामी होती. मी तिथं उभी राहिले तसे मामा पलीकडून म्हणाले, “ताई, तिकडची दावण झाडायची र्‍हायलीया.” क्षणभर वाटलं, किती कोरडा माणूस! मग पाहिलं तर त्यांचेही डोळे लाल होते. शंभर जनावरांच्या घरात आठवड्याला एक-दोन मरणं असतातच. जो रडत बसेल, त्याच्या हातून उरलेल्यांना वैरण वेळेवर मिळायची नाही. मी खराटा घेतला.

घरी खरी अडचण पुढंच होती. सासूबाई रोज साडेनऊला पोळी घेऊन फाटकाशी उभ्या राहायच्या. “तांबू दिसत नाही गं?” मी म्हणायची, “दुसऱ्या गल्लीत गेली असेल.” असं आठ दिवस चाललं. सत्तर वर्षांची बाई हातात पोळी घेऊन वाट बघते आहे आणि मी खोटं बोलते आहे, हे काही मला झेपेना. शेवटी एका रविवारी म्हटलं, “आई, येता का माझ्याबरोबर?” रिक्षा करून त्यांना घेऊन गेले. त्यांनी सगळं फिरून पाहिलं, गाढवाशी दोन शब्द बोलल्या, आणि मग मामांनी त्यांना तांबूचं सांगितलं. पोटातून निघालेलं सामान मुलांनी लोकांना दाखवायला एका पिंपात ठेवलं होतं, तेही दाखवलं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. येताना रिक्षातही नाही.

त्या रात्री मी ओटा आवरायला गेले तर त्या आधीच तिथं होत्या. मी बांधून ठेवलेल्या पिशवीची गाठ त्या सोडत होत्या. डोळ्यांना नीट दिसत नाही, दुहेरी गाठ सुटेना, तरी दातानं तोडली नाही; सोडलीच. साली एका जुन्या घमेल्यात ओतल्या, पिशवी धुऊन वाळत घातली. मग मला म्हणाल्या, “पुण्य करायचं तर त्याचं पोट बघून करावं गं. माझ्या सासूबाईंनी पोळी सांगितली होती. तेव्हा पिशव्या नव्हत्या.”

तेव्हापासून आमच्या घरी दारामागची ती पिशवी नाही. ओला कचरा झाकणाच्या बादलीत, तो घंटागाडीवाल्याच्या हाती सुटाच द्यायचा. साली परसातल्या खड्ड्यात. खिळा, पिन, ब्लेड, फुटकी काच वेगळ्या डब्यात, आणि डबा भरला की भंगारवाल्याला. आणि सासूबाईंचा नेम? तो मोडला नाही बरं का! पहिल्या पोळीऐवजी त्या एका डब्यात रोज पाच रुपये टाकतात. महिन्याच्या शेवटी मला हिशेब देऊन म्हणतात, “घे, तेवढ्याच्या कडब्याच्या पेंड्या.” गल्लीतल्या आणखी सहा घरांत असे डबे सुरू झाले आहेत. हे त्यांनी परस्पर देवळातल्या भजनात जमवलं. मला नंतर कळलं.

तुम्हांलाही कुठं असं जावंसं वाटलं, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. एकदाच जाऊन पाच तास राबण्यापेक्षा ठरल्या वारी दोन तास जा. जनावरांना आणि मामांना, दोघांनाही, तुमची नव्हे, तुमच्या वाराची सवय होते. मुलाच्या वाढदिवसाला केक घेऊन जाऊ नका. जुन्या चादरी, रिकामी पोती, बादल्या, खराटे न्या. आधी विचारा, काय हवं आहे. कुत्र्यांत काम करायचं असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवा. आणि चावलंच, ओरखडलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. तिखट, चुना, हळद काही लावू नका. आमच्या सांगलीची हळद कितीही नावाजलेली असली, तरी कुत्र्याच्या चाव्यावर तिचा उपयोग नाही! रेबीज एकदा अंगात उमटला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लस वेळेवर घेतली तर तो टळतो.

आणखी एक. कधी कधी न जाणं हीसुद्धा सेवा असते. २०२२ साली जनावरांत लंपीची साथ आली. अंगभर गाठी, ताप, दूध बंद. माणसाला तो रोग होत नाही. माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत जनावरांत पसरतो. गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचत होते. मामांनी बाहेरच्या सगळ्यांना फाटकाबाहेर ठेवलं. कितीतरी रविवार मी घरी बसून चुळबुळत होते. तेव्हा पोती शिवून पाठवली.

घरातून विरोध होईल, वेळ नाही, हे काय नवं खूळ, असं ऐकावं लागेल. तेव्हा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची आठवण ठेवा. कलाक्षेत्र उभारणाऱ्या या थोर नर्तकी १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि तिथं त्यांनी मुक्या प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध स्वतः विधेयक मांडलं. पुढं सरकारनंच १९६० साली कायदा केला. १९६२ मध्ये प्राणिकल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. आज रस्त्यावर कुणी बैलाला निर्दयपणे मारत असेल तर तुम्ही आम्ही त्याला अडवू शकतो, ते त्या कायद्याच्या आधारावर.

पण कायदा खराटा धरत नाही. भुलेश्वरच्या त्या गाई जगल्या त्या जमशेटजींच्या देणगीवर, आणि तितक्याच त्यांच्यावर, जे आजी आणि मी यायच्या आधी शेण काढून निघून गेलेले असायचे. आता मी त्यांच्यात मोडते, याचा मला आतून फार आनंद होतो.

आज रविवारच आहे. सकाळी गेले होते. तांबूच्या जागेवर आता एक कालवड आहे, रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेली. मागचा पाय अजून नीट टेकत नाही. घरी आले तशा सासूबाईंनी नेहमीसारखं मला परसदारीच अडवलं, “आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर!” मी बादली उचलली. मागून हळूच आवाज आला, “त्या पोरीनं आज पाय टेकला का गं?”

मी म्हटलं, “थोडासा.”